दादाले पाय लागला

हसू नका बे, माझ्या सख्ख्या नातवाची गोष्ट आहे. गुड्डू दवनीवाड्याहून गोंदियाच्या कॉलेजात गेला, फर्स्ट इयरले. निघताना मीच त्याचे कान भरले, "सिनियर म्हणजे देव समज, नाहीतर हॉस्टेलात ठोकतीन."

कबड्डीच्या निवडीले मीबी गेलो, तमाशा पाहाले. त्या दिवशी टीममध्ये घेतलं नाही, तर पोरगं वर्षभर बाहेर बसून टाळ्या वाजवणार. गुड्डूनं चढाईत सिनियर कॅप्टनच्या मांडीले पाय लावला, अन् पळायचं सोडून वाकून त्याच्या पाया पडला! सगळ्यांनी तिथंच दाबलं त्याले.

निवड करणारे सर ओरडले, "अबे, ये क्या कर रहा है?"

"दादाले पाय लागला ना, सर."

"अरे, पहले भाग! पाँव बाद में पड़!"

दुसऱ्या चढाईत गुड्डूनं पुन्हा कॅप्टनले पाय लावला, धावत आपल्या बाजूले परतला अन् मग रेषेच्या अलीकडून त्याले हात जोडले.

कॅप्टन म्हणते, "इसने छुआ ही नहीं, सर!"

सर म्हणाले, "तो हाथ किसको जोड़ रहा है वो? तू बाहर, वो टीम में!"