तीन चुली, एक उशी

नायजरमधल्या मारादी शहरातल्या दवाखान्यात सामिनू बायकोच्या गोळ्या न्यायला रांगेत उभा होता. समोरच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

“लावाली, बीपी वाढलंय ना? मग रात्री कमी जेव की.”

“कुणाकडचं कमी जेवू? तिघींची तीन ताटं येतात. एकीचं उरलं की आठवडाभर अबोला.”

“पोरं किती झाली?”

“एकोणीस. एकीला झालं की दुसरीला हवंच.”

“झोप तरी लागते का?”

“उशी काखेत मारून या खोलीतून त्या खोलीत. झोप लागते ती इथं, या बाकावर.”

मग लावालीनं सामिनूच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं.

“पिशवीत काय रे, बाळा?”

“कोलाबिया, बाबा, सुपारीसारख्या वाटायला. संध्याकाळी सोयरीक आहे माझी.”

“पहिली?”

“दुसरी.”

लावाली बाकावर थोडा सरकला.

“ये, टेक जरा. जागा आहे.”