सतरा नंबरची टाइल

—अशी बोटांत नका धरू हो, कडेनं धरा. घामाचा डागसुद्धा लेपाला चालत नाही. फ्युजन भट्टीकडून आलात ना तुम्ही, या टाइल्स न्यायला? मग तुम्हाला काय सांगायचं — तिथल्या आतल्या भिंतीला लागणार या. माझं काम एवढंच, टाइल लालबुंद तापवायची, गार करायची, पुन्हा तापवायची, हजार वेळा. लेप टिकला की पास. दर शंभरांनी थांबून वाजवायची — या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं, हसा, हसा — खणखणीत वाजली तर लेप धरून आहे, बद्द वाजली तर आतून सुटलाय. यंत्राच्या आधी मला कळतं. कान तिखट माझे, आई म्हणायची, हिच्यापुढे भांडायचं तर खुणांनी भांडावं लागतं.

सतरा नंबर? ती... बघा की, वरून कशी आरशासारखी आहे. लेप माझ्या धाकट्या भावानं मारलाय. मीच लावलं त्याला इथं — भाऊ मारतो नि बहीण तपासते, म्हणणारे म्हणतात, पण नियमात कुठं लिहिलंय? त्याच्या दोन टाइल्स आधीच नापास झाल्या. तिसरी झाली की लेपाच्या फवाऱ्यावरून उचलून गोदामात टाकणार त्याला, आणि जन्मात पहिल्यांदा कशात तरी टिकलाय हो तो. — नाही, काही झालं असं मी कुठं म्हटलं? सातशेला जरा... दमले असेन मी. कानाचं काय, आज एक, उद्या एक. बद्द वाटली की तिथंच थांबवायची असते, पण मी नेली हजारापर्यंत. तडा नाही, काही नाही, म्हणून 'पास' लिहिलं.

काल संध्याकाळी त्यानं विचारलं, ताई, कशी वाजली? छान, म्हटलं. केवढा खूश झाला. आणि त्यानंच आधी बजावलं होतं मला — "त्या टाइलमागं पाण्याचा नळ असतो ताई, लेप सुटून तो फुटला तर कुणाच्या तरी अंगावर येईल. बद्द वाजली तर माझा मुलाहिजा ठेवू नकोस." तो असं बोलला, आणि मी... मला लाज वाटते हो.

घ्या ही मूठ, तुम्हीच वाजवा. आधी सोळा. आता सतरा.

हं.

ठेवा ती खाली. तो 'पास'चा कागद द्या इकडे, आणि तुम्ही बाहेर बसा जरा. जेवणाच्या सुट्टीत तो इथंच येतो डबा घेऊन. त्याच्याआधी लिहून होऊ दे.