मनकर्णा मावशीची बाज

नाय, पण तुम्ही मला सांगा, विमानतळावर कुणी बाज घेऊन जातं का? माणसं बॅगा नेतात, फार तर लोणच्याची बरणी नेतात, पण आमची कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावची मनकर्णा मावशी, जीपच्या टपावर चक्क सुंभाची बाज बांधून चिकलठाण्याच्या विमानतळावर हजर! कशाला? तर तिची लेक प्रेरणा कॅनडात, टोरांटोला, दिवस भरत आलेले, डॉक्टरनं विमानात बसायला मनाई केलेली, अन् मावशीचं म्हणणं एकच... पहिलं बाळंतपण माहेरीच! लेकीला येता येत नाय ना, मग माहेरानं जायचं लेकीकडं.

आता तुम्हाला सांगतो, ही बाई साधी कन्नडपर्यंत एसटीत बसली तरी तिला गाडी लागते. पदर तोंडाला, लिंबू नाकाला, असा तिचा प्रवास! मी तिला औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात बसवलं, मोबाइलवर अंतर दाखवलं, म्हणलं मावशी, बारा हजार किलोमीटरच्या वर आहे, आधी दिल्ली, मग टोरांटो, मधलं थांबणं धरून अख्खा दिवस जातो, तुला झेपायचं नाय. तर म्हणते, "लांब किती ते नको सांगू. पोरीनं तिथं एकटीनं कळा द्यायच्या का?" पहिलं बाळंतपण माहेरीच!

तर काउंटरवरची मुलगी, लई सभ्य, हळूच म्हणते, "काकू, हे नाही हो घेता येणार." मी मनात म्हणलं, सुटलो! कुठला सुटतोय... मावशीनं तिथंच फरशीवर बसकण मारली, बाज उलटी केली अन् लागली की सुंभ सोडायला! लोक बघतायत, कुणी व्हिडिओ काढतंय, मी मान खाली घालून पुटपुटतोय, मावशी ऊठ, लाज काढतेस, अन् तिचे हात आपले चालूच. वर न बघता म्हणाली, "चौकट तिकडं बी मिळंल. हा सुंभ माझ्या बापानं वळलेला हाय. प्रेरणा याच बाजेवर झाली."

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा हो! मुकाट्यानं खाली बसलो अन् गाठी सोडायला लागलो.

गेली. एकटी गेली. इंग्रजीचा गंध नाय, हिंदी मोडकीतोडकी, अन् अख्ख्या वाटेत एकदा बी मळमळलं नाय! पोचली अन् थेट जावयाला फळ्या आणायला लावल्या, चौकट ठोकून घेतली, स्वतः सुंभ विणला, अन् तिसऱ्या दिवशी नात झाली. व्हिडिओ कॉलवर बघितलं, खिडकीबाहेर बर्फ, आत बाजेवर प्रेरणा, कुशीत बाळ, अन् उशाशी मावशी अशी बसलेली, जसं काय टोरांटो कन्नड तालुक्यातच आहे. खरं सांगतो, डोळे भरून आले. बाई म्हणावी तर अशी!

डोळे पुसतोय तोवर मागनं आमची करुणा. बायको माझी. माहेर पैठण, इथनं तासाभराची वाट. शांतपणे म्हणाली, "मावशींनी बारा हजार किलोमीटर माहेर उचलून नेलं. अन् मला पैठणला सोडा म्हणलं की तुम्हाला रस्ता खराब लागतो."

काढली गाडी.