गेमची धून आणि आबांची मिरची

गेमचं संगीत म्हणजे नुसतं ढिशुम ढिशुम, असं पुन्हा कोणी म्हणालं ना, तर त्याला सरळ पाचोऱ्याला आबांच्या शेतात नेऊन उभं करीन. आबा म्हणजे आमच्या संदीपचे वडील. परवा त्यांच्याकडे भरीत पार्टी होती. मी माझ्या सगळ्यात आवडत्या गेमची धून लावली. लढाई संपवून हिरो घरी येतो आणि घरात कोणीच नसतं, तेव्हाची.

संदीप म्हणतो, "यात गाणं कधी सुरू होणार?"

पण भाजलेली वांगी ठेचता ठेचता आबांचा हात थांबला. डोळे भरलेले. म्हणाले, "कोणता पिक्चरनं शे रे हाई?"

"पिक्चर नाही आबा, मोबाइलवरचा गेम."

"गेमनं?" आबांनी झटकन डोळे पुसले. "बंद कर ते! माले डोयास्ले मिरची लागनी."

सगळे मलाच हसले! अरे, कुठली मिरची? पण मला तोंड उघडता येईना. मिरच्या आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या जळगावला माझ्या फ्रिजमध्येच राहिल्या होत्या!