गोठ्यापासून लांब

निसर्गाच्या कुशीत दोन रात्री काढल्या की माणसाचं मन निर्मळ होतं, असं जाणते लोक सांगतात. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये त्याआधी गाईंच्या धारा काढाव्या लागतात. पशुखाद्याच्या दुकानात माझ्यापुढे व्हर्लिन आणि त्याची बायको आर्डिस रांगेत उभे होते. तिच्या काखेत नवा कोरा तंबू होता.

"तळ्यावर जायचं म्हणजे जायचं, व्हर्लिन. लग्न झाल्यापासून एकदाही हंबरण्याशिवाय जाग आली नाही मला."

"मी कुठं नाही म्हणतोय? फक्त तळं लांब पडतं. पहाटे धारेला परत यायचं, संध्याकाळी पुन्हा यायचं."

"तुझा भाऊ काढेल की धारा."

"डेलनं हात लावला की बर्निस गाय लाथ मारते."

"आज मीही मारेन."

"त्यापेक्षा आपल्या नदीकाठी उतरलो तर?"

"तिथून आपला गोठा दिसतो!"

"तेच म्हणतोय. सोयीचं आहे."

"मग घरामागच्या कुरणातच ठोक ना खुंट्या!"

"आर्डिस, काय झकास सुचवलंस गं!"

"टोमणा होता तो, मेल्या."

"सावली आहे, पाणी आहे. आणि गाई काय, कुंपणापलीकडेच असतील."

"अहो दुकानदार, हाच तंबू एका माणसापुरता मिळेल का?"

"एकाचा? मग मी कुठं झोपू?"

"गोठ्यात. नाहीतरी जीव तिथंच आहे तुझा."

आर्डिस एकटीच तळ्यावर जाऊन आली. रविवारी चर्चबाहेर भेटली तेव्हा म्हणाली, तिथं एकही गाय नव्हती, तरी दोन्ही दिवस धारेच्या वेळेलाच जाग आली.