चाळीस सेकंद पुढे

(दुपार. वेधशाळेचं पंपघर. मिस्त्री पंप खोलून बसलेत. सूर्याच्या दुर्बिणीवर संशोधन करणाऱ्या मॅडम दारात उभ्या आहेत.)

मॅडम: नोंदवहीतलं अक्षर तुमचंच ना, मिस्त्री? ‘वरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे होतं. बरोबर केलं.’

मिस्त्री: माझंच. पण मॅडम, वर्ष झालं त्याला. त्यापायी माझं दुर्बिणीचं काम सुटलं, आता हा पंप तरी राहू द्या.

मॅडम: अहो, भांडायला नाही आले. त्या घड्याळामुळेच मी फसले. सूर्यात खाली सतत उकळी फुटत असते, तिच्या आवाजाच्या लाटा वरच्या थरांत चढतात. ऐकू येत नाहीत, पण थर हलताना दिसतो. एक कॅमेरा खालचा थर बघतो, दुसरा वरचा.

मिस्त्री: आधी खालचा हलणार, मग वरचा.

मॅडम: हो. मधला वेळ म्हणजे लाटेचा प्रवास. माझा चाळीस सेकंद आला. मी नाचले, लेख छापला!

मिस्त्री: आणि मी घड्याळ लावल्यावर?

मॅडम: दोन्ही थर एकदमच हलायला लागले. प्रवास नव्हताच, ते चाळीस सेकंद घड्याळाचे होते. बारीक आवाजाच्या लाटा वर चढतात, जाड आवाजाच्या जागच्या जागी झुलतात. माझ्या सगळ्या जाड. आणि मी साहेबांकडे तक्रार केली, की मिस्त्रींनी यंत्र बिघडवलं.

मिस्त्री: मलाही तसंच वाटलं हो. म्हटलं, घड्याळाला हात लावताना आत काहीतरी मोडलं असेल. झोप उडाली होती माझी.

मॅडम: मला येऊन सांगायचं तरी!

मिस्त्री: आलो होतो की. तुम्ही म्हणालात, ‘मिस्त्री, तुम्ही पाना-पक्कड सांभाळा.’ चारचौघांत.

मॅडम: हो, म्हणाले होते. आत्ता आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्री: जाऊ द्या. लेखाचं काय करणार?

मॅडम: मागे घेतला. सकाळीच पत्र पाठवलं. बढतीवर पाणी सोडलं.

मिस्त्री: अरेरे. आणि ती तक्रार?

मॅडम: ती अजून मागे नाही घेतली. पत्रात ‘घड्याळातली चूक’ एवढंच लिहिलं. ती कुणी पकडली, ते लिहिताना हात अडला. लाज वाटली. तुमची नाही हो, माझी.

मिस्त्री: हं. तो पाना द्या जरा. तुमच्या पायाशी आहे.

मॅडम: हा घ्या. उद्या सकाळी साहेबांकडे जाते, तक्रार मागे घेते. तुमचं नाव घालून दुसरं पत्र लिहिते. दुर्बीण तुमच्याकडेच येईल. आणखी काय करू, सांगा.

मिस्त्री: पाच वाजता सुटतो मी. माझ्याबरोबर घरी चला.

मॅडम: घरी? कशाला?

मिस्त्री: मुलगी शाळेत सांगायची, माझे बाबा सूर्य बघतात. हल्ली विषय निघाला की उठून जाते. तिला तुम्ही सांगा, बाबांचं चुकलं नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही. मलाच खात्री नव्हती.