एका ओळीतले पाच स्पीकर

आजच्या निरोपसभेचे अध्यक्ष आदरणीय कारखाना व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावर बसलेले युनियनचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती चनबसाप्पा, त्यांच्या सौभाग्यवती रत्नव्वा वहिनी, आणि पहिली पाळी सुटल्यावर घरी न जाता इथं थांबलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम. आणि चनबसाप्पांना, आपल्या सगळ्यांच्या अप्पांना, त्यांच्या रिवाजानं शरणू.

अप्पांनी मेंटेनन्समध्ये एकवीस वर्षं काय काम केलं ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंय. मी बाबासो, फौंड्रीचा. मला त्यांनी माझ्या घरात केलेलं एकच काम सांगायचंय.

अठ्ठ्याण्णव साली मी होम थिएटर घेतलं. भारी ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि धमधम वाजणारा एक मोठा डबा. आता पाच स्पीकर कुठं ठेवायचे असतात? कंपनीच्या कागदावर चित्र होतं, दोन स्पीकर माणसाच्या पाठीमागं. पण आपल्याकडं घेतलेली वस्तू पावण्यांना दिसायला नको का? मी पाचही शोकेसवर ओळीनं मांडले, वर क्रोशाचे रुमाल घातले. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी आजही तसेच असतील. हसू नका.

दोन हजार दोनला आमच्या मंडळींची, बनाबाईची, दृष्टी गेली. साखरेच्या आजारानं. पिक्चरचा तिला भारी नाद. डोळे गेल्यावरही ती टीव्हीसमोर बसायची आणि विचारायची, "आता कोण आलं? कुठं हुबा हाय?" मी सांगायचो. कधी कंटाळून नाही सांगायचो.

गेल्या दिवाळीत प्रसेनजीतनं, आमच्या मुलानं, पुण्याहून नवा डीव्हीडी प्लेअर आणला. मी जुन्या सवयीनं लाल-पांढरी वायर जोडली. आवाज दोनच स्पीकरमधून. तीन मुके. कँटीनमध्ये मी कुरकुरलो, तर जानेवारीतल्या एका रविवारी अप्पा वायरचं भेंडोळं घेऊन दारात. वायर त्यांची स्वतःची होती, साहेब, शेडमधली न्हवं.

आत येऊन शोकेसकडं बघत ते म्हणाले, "काय ओ बाबासो, समद्यांस्नी पंगतीला बसिवलंय व्हय?"

मग त्यांनी समजावलं. नव्या डिस्कमध्ये सहा आवाज एकत्र बांधून येतात. ते सोडवायची विद्या माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला नाही. पण नव्या प्लेअरला आहे, आणि त्याच्या पाठीमागं सहा भोकं आहेत. तशीच सहा ॲम्प्लिफायरलाही होती. नऊ वर्षं मी त्यांवर नुसता फडका फिरवत होतो. सहा वायरी जोडल्या, प्लेअरच्या मेनूत पाच स्पीकर आहेत असं सांगितलं, ॲम्प्लिफायरवरचं एक बटण दाबलं. झालं.

दोन स्पीकर पाठीमागं न्यायचे तर वायरी हॉलमधून जाणार. मी म्हटलं, "पावणं येत्यात, पायांत येतील की."

बनाबाई म्हणाली, "पावणं बघत्यात. मी कुठं बघतोय?"

अप्पांनी वायरी ओढल्या. तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "अक्का, आवाज कुठनं येतोय, बोट करून दावा." ती बोट दाखवत गेली. पुढं, डावीकडं, मागं. मध्येच थांबली. "चालत माणूस डावीकडं गेला आन् दार उजवीकडं वाजलं. चुकलंय काय तरी." आम्ही दोघं डोळे उघडे ठेवून बसलो होतो, आम्हाला कळलं नाही. मागच्या दोन वायरी खरंच उलट्या लागल्या होत्या.

त्या दिवसापासून ती मला सांगायची. आता ती आत गेली. तो मागनं आला. बघ, जिन्यावर कोण तरी हाय. मी हूं म्हणायचो.

हे एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

लोक भेटायला आले, वायरी पायांत यायला लागल्या. कुणीतरी त्या गुंडाळल्या आणि स्पीकर परत शोकेसवर ओळीनं लावले. मी बघत होतो. नको म्हणालो नाही. तीन महिने झाले, मी रडलो नाही. ड्यूटीवर येतो, डबा खातो. लोक म्हणतात, बाबासो खंबीर हाय. खंबीर वगैरे काही नाही. आत काही हलतच नाही.

एक गोष्ट मात्र कळते. स्पीकर आधीही होते. अप्पा माझ्यापासून दोन शेड पलीकडं होते. मी चार वर्षं विचारलं नाही, कारण हॉल चांगला दिसत होता. तिला मिळाले ते एकोणीस दिवस अप्पांनी दिले, मी नाही. अप्पा, तुमचे आभार मी तेव्हा मानले नव्हते. आज सगळ्यांसमोर मानतो. गावाकडं सुखानं राहा.

साहेबांनी बोलू दिलं, सभेनं ऐकून घेतलं, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. तुमची माफी मागणं सोपं आहे, तुम्ही समोर बसलाय. तीही एकोणीस दिवस समोरच बसली होती.